पाळी जातानाचा राग आणि त्यावरच्या औषधाची गोष्ट



पर्युषण जवळ आलं की स्थानकाच्या ओट्यावर बायकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं : "यंदा माझ्याकडून राग फार झाला हो." कुणाचा सुनेवर, कुणाचा नवऱ्यावर, कुणाचा धुण्याभांड्याच्या मावशींवर. कुणी सांगते, कारण नसताना रडू येतं. कुणाला रात्री तीनला जाग येते ती पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. हे सांगणाऱ्या बहुतेक जणी बेचाळीस ते बावन्नच्या असतात. मग कुणी आयंबिल वाढवते, कुणी दोन सामायिकं जास्त करते आणि संवत्सरीला सगळ्यांच्या पाया पडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणते. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच राग येतो, आणि वर आपली साधना कच्ची म्हणून अपराधी वाटतं ते वेगळंच.

साधना करायचीच. पण या वयातल्या रागाला, रडण्याला आणि उडालेल्या झोपेला शरीराचंही एक कारण असू शकतं. ते कारण नीट कळायला, त्यावर औषध निघायला, औषधाचा उदोउदो व्हायला, मग ते बदनाम व्हायला आणि शेवटी त्याची खरी किंमत समजायला जवळजवळ दोनशे वर्षं गेली. आज ती गोष्ट सांगते. औषध म्हटलं की आपला पहिला प्रश्न असतो, "कशापासून बनवतात?" त्याचं उत्तरही या इतिहासातच आहे.

नाव मिळालं, पण सोबत शिक्काही

पाळी जाते हे आपल्याकडे जुन्या काळापासून लिहून ठेवलेलं आहे. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीला, शरीर थकल्यावर, थांबते असं सांगितलं आहे. 'रजोनिवृत्ती' हा शब्द आपण अजून वापरतो. 'मेनोपॉज' हा शब्द मात्र एका फ्रेंच डॉक्टरनं, द गार्दान यांनी, १८२१ साली रूढ केला. पाळी पूर्ण थांबून बारा महिने झाले की मेनोपॉज झाला असं धरतात. त्याच्या आधीची जी वर्षं, पाळी कधी पंधरा दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येण्याची, त्यांना पेरिमेनोपॉज म्हणतात. हा काळ साधारण चार वर्षांचा असतो, कुणाला त्याहून जास्तही. भारतात बायकांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे हा चढउतार आपल्याकडे चाळिशीतच सुरू होतो. तेव्हा मुलं दहावी-बारावीत असतात, सासू-सासरे थकलेले असतात, आणि "तुझं काय आता वय झालं का?" असं कुणी विचारतही नाही.

या वयातल्या उदासीला वैद्यकानं नाव दिलं ते मात्र फार कडक. जर्मनीतले मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९६ साली उतारवयात येणाऱ्या गंभीर उदासीनतेला एक स्वतंत्र आजार ठरवलं. पुढे पाळी जाणाऱ्या बाईच्या मनःस्थितीवर तोच शिक्का मारला जाऊ लागला. बाई चिडली, रडली, गप्प बसली की 'वयाचं वेड'. बऱ्याच जणींना वेड्यांच्या इस्पितळात जावं लागलं.

हा शिक्का पुसायला ऐंशी वर्षं लागली. १९७९ साली अमेरिकेत मिर्ना वाइसमन यांनी दाखवून दिलं की असा वेगळा आजार सिद्धच होत नाही, आणि १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीतून तो काढला गेला. चांगलं झालं. पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आता डॉक्टर म्हणू लागले की पाळी जाण्याचा आणि मनाचा काही संबंधच नाही, हा घरातला ताण आहे, मुलं मोठी झाल्याचं रिकामपण आहे.

खरं काय ते २००६ साली पुढे आलं. अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी अशा बायकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं ज्यांना पूर्वी कधीच नैराश्य आलं नव्हतं. पेरिमेनोपॉज सुरू झालेल्यांना नैराश्याची लक्षणं येण्याची शक्यता, पाळी नियमित असलेल्यांच्या तुलनेत, जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त निघाली. म्हणजे सगळ्याच बायका उदास होतात असं नाही, बहुतेक जणी हा काळ नीट पार करतात. पण काही जणींच्या मेंदूला इस्ट्रोजेनचे हेलकावे सोसत नाहीत. इथे शब्द 'हेलकावे' असाच आहे. या काळात इस्ट्रोजेन नुसतं कमी होत नाही, एका महिन्यात खूप चढतं तर दुसऱ्या महिन्यात कोसळतं. म्हणून पंचेचाळिशीनंतर रक्ताच्या एका तपासणीवरून "तुमचं हार्मोन नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही" असं कुणी सांगितलं तर त्याला फारसा अर्थ नसतो.

घोडीचं औषध

आता औषधाकडे येऊ. १८८९ साली ब्राऊन-सेकार्ड नावाच्या म्हाताऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या वृषणाचा अर्क स्वतःलाच टोचून घेतला आणि आपण तरुण झालो असं जाहीर केलं. त्याच लाटेत १८९० नंतरच्या दशकात बायकांना गाईच्या, डुकराच्या अंडाशयाची पूड दिली जाऊ लागली. आपल्या घरात हे नुसतं वाचलं तरी घास उतरणार नाही. उपयोगही विशेष होत नव्हता.

१९२९ साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी इस्ट्रोजेन पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं काढलं. कशातून? गरोदर बायकांच्या लघवीतून. गरोदरपणात शरीर इतकं इस्ट्रोजेन तयार करतं की ते लघवीवाटे बाहेर पडतं. पण औषध बनवायचं तर लघवी किती आणि कुठून गोळा करणार? १९३० साली कळलं की गाभण घोडीच्या लघवीत हे द्रव्य भरपूर असतं. कॅनडातल्या आयर्स्ट कंपनीनं त्यापासून गोळी बनवली, ती १९४१ साली कॅनडात आणि १९४२ साली अमेरिकेत विक्रीला आली. नाव प्रेमारिन. नावातच सगळं आहे : इंग्रजीतल्या प्रेग्नंट, मेअर्स आणि युरिन या तीन शब्दांचे तुकडे जोडून ते केलं. पुढची कितीतरी वर्षं जगातली सगळ्यात जास्त खपणारी हार्मोनची गोळी हीच होती.

या गोळीसाठी कॅनडाच्या पश्चिम भागात घोड्यांची शेकडो फार्म उभी राहिली. घोडी गाभण ठेवायची, हिवाळ्याचे महिने अरुंद ठाणात बांधायची, लघवी गोळा करायला पट्ट्यानं पिशवी लावायची. दरवर्षी जन्मणाऱ्या शिंगरांचं काय करायचं हा प्रश्न उरायचाच, आणि त्यातली काही कत्तलखान्यात जात. पंचेंद्रिय जीवाला असं राबवून मिळालेलं औषध आपण का टाळावं हे मला समजावून सांगायला नको.

कंद आणि कडधान्य

पण गोष्ट इथे संपत नाही. याच सुमारास दुसरा रस्ता तयार होत होता, वनस्पतींचा.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांना आढळलं की मेक्सिकोत रानात वाढणाऱ्या एका कंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवता येतं. मोठ्या कंपन्यांनी पैसे द्यायला नकार दिला, तेव्हा ते स्वतः मेक्सिकोत गेले आणि तिथे कंद वाटून, उकळून प्रोजेस्टेरॉन बनवलं, तेही किलोच्या हिशेबात. त्या वेळी हे हार्मोन ग्रॅमवर, सोन्याहून महाग विकलं जात होतं. १९४४ साली मेक्सिको शहरात सिंटेक्स कंपनी निघाली आणि हार्मोनच्या किमती कोसळल्या. १९५१ साली याच कंपनीत संततिनियमनाच्या गोळीतलं एक मुख्य द्रव्य तयार झालं.

भारतातही हिमालयात याच कुळातला कंद मिळतो, आणि आपल्या कारखान्यांनी तोच वापरला. तो इतका उपटला गेला की १९७५ साली या वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. जमीनकंद मुळासकट उपटावा लागतो आणि तो अनंतकाय, एका कंदात अनंत जीव, हे आपल्या पाठशाळेतलं पहिलं शिक्षण. ते इथे असं रसायनशास्त्राच्या रूपात समोर येतं.

तिसरा रस्ता सोयाबीनचा. अमेरिकेतले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांनी १९४० च्या सुमारास सोयाबीनच्या तेलातल्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवायला सुरुवात केली. सोयाबीन म्हणजे प्रत्येक वनस्पती, डाळ-कडधान्याच्या पंगतीतली. आज बाजारात मिळणारं इस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन बहुतेक करून कंदातल्या किंवा सोयाबीनसारख्या वनस्पतींमधल्या द्रव्यापासून कारखान्यात बनतं, आणि ते आपल्या शरीरातल्या हार्मोनसारखं हुबेहूब असतं.

म्हणजे बघा, पंचेंद्रिय घोडीपासून अनंतकाय कंदाकडे, आणि कंदापासून प्रत्येक वनस्पतीकडे. ही उतरंड कुणी धर्म म्हणून केली नाही, स्वस्त माल शोधता शोधता झाली. पण श्रावकानं कमीत कमी हिंसेचा पर्याय निवडावा हे आपलं अणुव्रत पाळायला आज जो वाव आहे तो आपल्या आईच्या पिढीला नव्हता.

आधी उदोउदो, मग भीती

१९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरचं एक पुस्तक गाजलं. त्याचं सांगणं असं की पाळी जाणं हा कमतरतेचा आजार आहे आणि गोळी घेतली तर बाई कायम तरुण राहील. औषधकंपन्यांचे पैसे त्यांच्यामागे होते हे नंतर उघड झालं. अमेरिकेत लाखो बायका गोळ्या घेऊ लागल्या, त्याही नुसतं इस्ट्रोजेन. १९७५ साली दोन अभ्यासांनी दाखवलं की गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका बराच वाढतो. तेव्हापासून नियम झाला : पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन जातीचं औषध हवंच.

पुढे १९९० च्या दशकात अमेरिकन सरकारनं मोठा अभ्यास हाती घेतला. दोन्ही औषधं एकत्र देऊन पाहिली त्या भागात १६,६०८ बायका होत्या. जुलै २००२ मध्ये तो मधेच थांबवला गेला आणि जगभर मथळे आले : हार्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. एका रात्रीत बायकांनी गोळ्या फेकून दिल्या आणि डॉक्टरांनी लिहायच्या थांबवल्या. आपल्याकडेही "हार्मोन म्हणजे कॅन्सर" हे वाक्य तेव्हापासून रुजलं ते रुजलंच.

आता इथे माझं बी.कॉम. थोडं कामाला येतं. टक्के सांगितले की पाया विचारायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. पाया असा : वर्षाला दर १०,००० बायकांमागे औषध न घेणाऱ्या ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्या ३८ जणींना. फरक आठ. पक्षाघाताचे २१ चे २९ झाले. दुसऱ्या बाजूला मांडीचं हाड मोडण्याचे १५ चे १० झाले, आतड्याच्या कॅन्सरचे १६ चे १०. खर्च खरा आहे, तो लपवायचा नाही. पण जमेची बाजू कुणी वाचून दाखवली नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणावर हे पाहिलं? त्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी ६३. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. औषध कोणतं? तेच घोडीचं इस्ट्रोजेन, आणि सोबत प्रोजेस्टेरॉनची नक्कल करणारं एक कृत्रिम द्रव्य. सेहेचाळीस वर्षांच्या, पाळी अजून अधूनमधून येणाऱ्या बाईला तो निकाल जसाच्या तसा लावणं म्हणजे आजीच्या मापानं नातीचा ब्लाउज शिवण्यासारखं. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं त्यांच्यात तर स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

पुढच्या वीस वर्षांत चित्र स्पष्ट होत गेलं. वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, आणि तब्येतीची अडचण नसेल, तर बहुतेक जणींसाठी फायदा तोट्यापेक्षा जास्त, असं आता जगभरच्या तज्ज्ञ संस्था सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरच्या ठळक इशाऱ्यातला बराचसा मजकूर काढण्याचा निर्णय जाहीर केला. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र ठेवला. १९७५ चा धडा अजून खरा आहे.

मनासाठी उपयोग होतो का?

हार्मोन मुळात अंगाची आग होणं, घाम फुटणं आणि त्यामुळे झोप मोडणं यासाठी देतात, आणि त्यासाठी त्याच्याइतकं चांगलं औषध नाही. मनासाठी काय? २००१ साली ब्राझीलमध्ये पेरिमेनोपॉजमध्ये नैराश्य आलेल्या ५० बायकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना कातडीवाटे जाणारं इस्ट्रॅडिऑल दिलं, निम्म्यांना नुसती पट्टी. बारा आठवड्यांत औषधवाल्या ६८ टक्के बायका बऱ्या झाल्या, नुसत्या पट्टीवाल्या २० टक्के. २०१८ साली अमेरिकेतल्या अभ्यासात नैराश्य नसलेल्या १७२ बायकांना वर्षभर तपासलं. औषध न मिळालेल्यांपैकी ३२ टक्क्यांना नैराश्याची लक्षणं आली, मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांना.

अभ्यास लहान आहेत, म्हणून नैराश्य पक्कं असेल तर पहिला मान अजूनही मानसोपचाराच्या औषधांना आणि समुपदेशनालाच आहे. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईच्या उदासीवर इस्ट्रोजेनचा उपयोग होत नाही. पण पंचेचाळिशीची बाई, पाळी बिघडलेली, अंगाची आग, झोप नाही आणि सोबत चिडचिड, अशा वेळी हार्मोनचा विचार करायला हवा, हे आता डॉक्टर मान्य करतात.

आपल्या पट्ट्यात, आपल्या राज्यात

आपलं पिंपरी औषधांसाठी जुनं प्रसिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, सरकारी मालकीची देशातली पहिली औषधकंपनी. पुढच्याच वर्षी पेनिसिलीन बनू लागलं. १९६१ साली हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध इथेच सापडलं आणि त्याच्या नावात कंपनीचं 'एचए' आलं. प्रतिजैविकानं असंख्य सूक्ष्म जीव मरतात हे माहीत असूनही आपल्या समाजानं ते नाकारलं नाही. बाळंतिणीचा, लेकराचा जीव वाचत होता. गृहस्थधर्मात हा विवेक आपण तेव्हाच दाखवला आहे.

बाईच्या या दहा वर्षांसाठी मात्र कुणी कारखाना मागितला नाही की दवाखाना. इंडियन मेनोपॉज सोसायटी १९९५ साली स्थापन झाली, म्हणजे प्रेमारिन आल्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळानं. आज चाकणच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्या, आठ तास उभं राहणाऱ्या बायका आहेत, भोसरीत बारक्या वर्कशॉपांत हिशेब सांभाळणाऱ्या आहेत. रात्रीची झोप उडाली आणि सकाळी सहाची बस गाठायची, तर चिडचिड होणार नाही तर काय?

आणि आपल्या राज्यातली याहून कडू गोष्ट बीडची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या आणि सरकारनं समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात तिशी-पस्तिशीच्या बऱ्याच होत्या. पाळीत काम चुकलं तर 'खाडा' पडतो, पैसे कापले जातात, आणि अंगावरून जायला लागलं की दवाखान्यात सांगतात, "पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल."

पिशवीसोबत अंडाशयही काढलं तर पाळी जाण्याचा सगळा बदल, जो निसर्ग काही वर्षांत करतो, तो एका दिवसात होतो. अंडाशय ठेवलं तरी ते काही वर्षं आधी थकू शकतं. मग तिशीतच अंगाची आग, हाडं ठिसूळ, उदासी आणि राग. अशा कमी वयात अंडाशय गमावलेल्या बाईला निदान नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावं, यावर जगात फारसं दुमत नाही. २००२ चा निकाल तिच्यासाठी नव्हताच. पण शहरातल्या बाईपर्यंत औषधाची भीती पोचली आणि कोपीतल्या बाईपर्यंत औषधच पोचलं नाही.

"पिशवी काढून टाका" हे आपल्या समाजातल्या चांगल्या घरांतही ऐकू येतं. ऐकलंत तर दोन प्रश्न विचारा : दुसरा उपाय नाही का? आणि अंडाशय ठेवणार का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा अविश्वास नव्हे.

आपले प्रश्न

एक. पाकिटावर काय पाहायचं? 'इस्ट्रॅडिऑल' लिहिलं असेल तर ते घोडीचं नाही. 'कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन्स' असेल तर घोडीचं की वनस्पतीचं ते विचारून घ्या. प्रोजेस्टेरॉन बहुधा मऊ कॅप्सूलमध्ये येतं आणि त्या कॅप्सूलचं जिलेटिन प्राण्यांपासून असतं. खाद्यपदार्थांसारखी हिरव्या ठिपक्याची सक्ती औषधांना नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी जैन आहे, दुसरा पर्याय आहे का?" इस्ट्रॅडिऑल जेलच्या रूपात मिळतं, ते हातावर चोळायचं, आणि कातडीवाटे घेतल्यानं रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीइतका वाढत नाही हा त्याचा आणखी फायदा.

दोन. चौविहाराचं काय? प्रोजेस्टेरॉननं झोप येते, म्हणून ते रात्री झोपताना घ्यायला सांगतात. तुमचं सूर्यास्तानंतर पाण्याचंही पच्चक्खाण असेल तर हे आधीच सांगा. वेळ संध्याकाळी लवकर ओढता येईल का, दुसऱ्या मार्गानं देता येईल का, हे डॉक्टर ठरवतील. नियम मोडायच्या भीतीनं औषध अर्धवट घेऊ नका, पिशवी असताना प्रोजेस्टेरॉन गाळणं धोक्याचं आहे. अठ्ठाई किंवा मोठी तपस्या करायची असेल तर औषधांचं काय करायचं ते आधी विचारा.

तीन. आधी काय तपासायचं? थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२. आपला आहार शाकाहारी, त्यामुळे बी-१२ कमी निघणं नवीन नाही, आणि त्यानंही थकवा, विसराळूपणा, उदासी येते. हार्मोनच्या आधी हे पाहिलं पाहिजे.

चार. कुणी घेऊ नये? स्तनाचा कॅन्सर झालेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला, यकृताचा गंभीर आजार असलेली, किंवा कारण न कळता रक्तस्राव होणारी बाई. अशांसाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत. आणि लक्षात ठेवा, हे औषध संततिनियमनाचं नाही. पाळी पूर्ण जाईपर्यंत दिवस राहू शकतात.

पाच. जगणं नको वाटत असेल तर? मग हार्मोन, आयंबिल, काहीही थांबू दे. त्याच दिवशी घरात सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला धर्माचा प्रश्न

राग हा कषाय, तो मोहनीय कर्माच्या उदयानं येतो असं आपण शिकलो. पण शरीराची पीडा असाता वेदनीय कर्मानं येते हेही त्याच शास्त्रात शिकलो. वेदनीय हे अघाती कर्म, ते आत्म्याच्या गुणांचा घात करत नाही. म्हणून ज्वर आला तर आपण ज्वराचं प्रायश्चित्त घेत नाही, औषध घेतो. पाळी जातानाच्या बेचैनीतला काही भाग या खात्यातला आहे, तो दुसऱ्या खात्यात लिहिला की हिशेब कधीच जुळत नाही. झोप झाली, अंगाची आग थांबली की सामायिकातही मन टिकतं. मग जो राग उरेल तो खरा आपला, त्याचं प्रतिक्रमण करू.

आपल्याकडे दान चार सांगितली आहेत : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. औषधदान पुण्याचं असेल तर आजारी बाईनं ते स्वीकारणं पापाचं कसं होईल? आणि घरात पंचेचाळिशीची सून, जाऊ किंवा वहिनी चिडताना दिसली तर "हिचा स्वभावच असा" म्हणण्याआधी तिला विचारा, "झोप लागते का गं तुला?" तेवढं विचारणं हेही अभयदानच आहे.

यंदाच्या पर्युषणात "राग फार झाला" म्हणणारी एखादी भेटली, तर तिच्याशी खमतखामणा जरूर करा, आणि सोबत चांगल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ताही द्या.

जय जिनेंद्र.